वारीला निघताना: पाणी, पाळी आणि आडोसा

वारीत माझ्यापुढे येऊन बसलेल्या प्रत्येक बाईला मी पहिला प्रश्न एकच विचारते, "मावशी, सकाळपासून लघवीला किती वेळा जाऊन आलात?" कुठे दुखतंय, ताप आहे का, हे सगळं नंतर. दुपारचे चार वाजलेले असतात, बाई पहाटे साडेतीनला उठलेली असते आणि बहुतेकींचं उत्तर ठरलेलं असतं. "एकदाच. पहाटं, अंधार होता तवा." मग पाणी किती प्यायलात? "पाणी पेलं की जावं लागतं ना, माऊली."

हे उत्तर मी आळंदीपासून वाखरीपर्यंत ऐकलंय. परभणीच्या शेतकरीणबाईनं हेच सांगितलं आणि पुण्याहून एका दिवसासाठी आलेल्या बँकेतल्या मुलीनंही हेच सांगितलं.

मी २८ वर्षांची आहे, मूळची लातूर जिल्ह्यातली. माझी आत्या माळकरी, गेली २६ वर्षं ज्ञानोबांच्या पालखीबरोबर चालते. इंटर्नशिप संपली त्या वर्षी मी तिच्याबरोबर पहिल्यांदा चालले आणि पुढची दोन वर्षं औषधांच्या गाडीवर डॉक्टर म्हणून गेले. पहिल्या वर्षी मी स्वतःच पाणी कमी प्यायले. डॉक्टर असून. सासवडला पोचले तेव्हा लघवी गडद पिवळी, डोकं ठणकतंय आणि लघवीच्या जागी आग. तेव्हापासून ठरवलं होतं की ज्या मुली पहिल्यांदा निघतात त्यांच्यासाठी हे कधीतरी नीट लिहून काढायचं.

खेड्यातल्या कितीतरी बायकांना आयुष्यात एकटीनं करता येणारा प्रवास म्हणजे वारी. "कुठं चाललीस, कशाला, कधी येणार" या प्रश्नांना इथं "पंढरीला" एवढं एकच उत्तर पुरतं. तीन आठवडे चूल नाही, गोठा नाही, कुणाचा डबा नाही. साठीच्या बायका फुगडी खेळतात. मोकळ्या आवाजात गातात. ही मोकळीक मला फार मोलाची वाटते, म्हणूनच ती मूतखडा, ताप किंवा सुजलेला पाय घेऊन अर्ध्यात सुटू नये असं वाटतं. वारीची तयारी करताना आपण पताका, टाळ, सतरंजी, बेसनाचे लाडू सगळं आठवणीनं बांधतो आणि शरीर जणू घरीच ठेवून जाणार आहोत असं वागतो. ते बरोबर येणार आहे. त्याची तयारी अशी करा.

दोन महिने आधी

चैत्र-वैशाखातच हिमोग्लोबिन तपासून घ्या. गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के बायकांना रक्त कमी असल्याचं दिसलं होतं. म्हणजे तुम्ही आणि तुमची शेजारीण यांच्यातल्या एकीला. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर रक्त कमी, ११ च्या खाली असेल तर गोळ्या हव्यातच आणि ८ च्या खाली असेल तर त्या वर्षी पूर्ण वारी चालू नका, निदान डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय नको. लोहाच्या गोळीनं महिन्याला साधारण एक-दीड ग्रॅम वाढतं, म्हणून दोन महिने लागतात. आदल्या आठवड्यात टॉनिकची बाटली आणून काही होत नाही. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या, चहाबरोबर नको. शी काळी होईल, घाबरू नका.

चालायची सवयही याच दोन महिन्यांत. पुणे ते सासवड हा टप्पा ३० किलोमीटरच्या आसपास आहे आणि मध्ये दिवे घाट. जी मुलगी रोज ऑफिसात बसते तिनं सुरुवातीला ४, मग ६, मग १० किलोमीटर असं चालावं, आणि ज्या चपला-बुटांनी वारी करणार त्याच घालून चालावं. नवे बूट घालून आळंदीला आलेल्या मुली मला पुण्यातच भेटतात, टाचा सोललेल्या.

पूर्ण वारी जमणार नसेल तर एक-दोन दिवस चाला, त्यात कमीपणा नाही. पण एका दिवसासाठी सगळे पुणे-सासवडच निवडतात. पहिल्यांदा येणाऱ्यांना मी लोणंद ते तरडगाव सांगते. टप्पा छोटा, आणि वाटेत चांदोबाचा लिंब इथं पहिलं उभं रिंगण बघायला मिळतं.

दिंडीला काय विचारायचं

शक्यतो दिंडीतूनच जा. भिशी, म्हणजे दिंडीची वर्गणी, भरली की जेवण, राहुटी आणि सामानाच्या ट्रकची सोय होते. आत्यासारखं कुणी ओळखीचं असेल तर प्रश्नच नाही, नसेल तर भिशी भरण्याआधी दिंडीतल्या एखाद्या बाईशी बोला. दिंडीप्रमुखांशी बोलून हे कळत नाही. बायकांची राहुटी वेगळी आहे का? रात्री तिथं दिवा असतो का? पहाटे बायका कुठं जातात, किती लांब? ट्रकमधलं सामान दुपारच्या विसाव्याला मिळतं की रात्रीच? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण पॅड आणि बदलायचे कपडे ट्रकमध्ये राहिले तर दिवसभर हाल होतात. जे दिवसा लागू शकतं ते सगळं खांद्यावरच्या पिशवीत ठेवा.

पाणी आणि आडोसा

नियम साधा आहे. दर तीन-चार तासांनी लघवी झाली पाहिजे आणि तिचा रंग फिका हवा. गडद झाली की पाणी कमी पडतंय. एकदम तांब्याभर पिऊ नका, अर्ध्या तासाला चार-पाच घोट घ्या. त्यानं तहानही भागते आणि पोटाला तडस लागत नाही. ऊन असेल त्या दिवशी दुपारी एक ओआरएसचं पाकीट लिटरभर पाण्यात घालून पुरवून पुरवून प्या. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. टँकरचं पाणी बाटलीत भरलं की क्लोरीनचे थेंब टाका, किती टाकायचे ते बाटलीवर लिहिलेलं असतं, आणि अर्धा तास थांबा.

पण पाणी पिणं हा निम्माच भाग. जायचं कुठं?

पहिली सोय, मुक्कामाची फिरती शौचालयं. निर्मल वारी या स्वच्छतेच्या उपक्रमामुळे पूर्वीपेक्षा ती खूप वाढलीत, आत्या सांगते की तिच्या पहिल्या वारीला यातलं काहीच नव्हतं. पहाटे तिथं मोठी रांग लागते. रात्री जेवणाच्या पंगती चालू असतात तेव्हा रांग नसते, तेव्हा जाऊन या. राज्य महिला आयोगाच्या आरोग्य वारीची केंद्रंही वाटेवर असतात, तिथं पॅड मिळतात, वापरलेले पॅड जाळायचं यंत्र असतं आणि अंगावर पाजणाऱ्या आयांसाठी हिरकणी कक्ष असतो. ही केंद्रं दिसली की गरज नसली तरी जाऊन या, पुढचं कधी येईल सांगता येत नाही.

दुसरी सोय, वाटेवरची घरं. इथं मुली लाजतात आणि विनाकारण त्रास काढतात. पालखीमार्गावरची माणसं वारकऱ्यासाठी वर्षभर वाट बघत असतात. दारात उभ्या असलेल्या बाईला सरळ विचारा, "मावशी, बाथरूमला जाऊ का?" मला आजवर एकदाही नाही म्हटलेलं नाही. बरडला एका घराच्या दारावर खडूनं लिहिलं होतं, "बायकांसाठी संडास आहे. विचारू नका, आत या." आत गेले तर बादली भरलेली, साबणाची नवी वडी आणि खिळ्याला स्वच्छ पंचा. बाहेर आले तर घरची बाई भाकरी थापत होती. तिनं वरही पाहिलं नाही, फक्त म्हणाली, "दार लोटून घे, कुत्रं जातंय."

उलटंही झालंय. एका गावात बायकांचा मुक्काम शाळेत होता आणि शाळेची स्वच्छतागृहं कुलूपबंद. किल्ली कुणाकडे आहे हे रात्री अकरापर्यंत कळलं नाही. दोनशे बायका आणि एक भिंत. तेव्हापासून मी मुक्कामाला पोचल्या पोचल्या आधी किल्लीची चौकशी करते, पथारी नंतर पसरते. तुम्हीही तेच करा.

तिसरी सोय जुन्या बायकांकडून शिकावी अशी आहे. चौघी मिळून जायचं. एक जुनी गडद रंगाची साडी निम्मी फाडून पिशवीत ठेवायची. तिघी ती तीन बाजूंनी धरून पाठमोऱ्या उभ्या राहतात, चौथी बसते. मग आळीपाळीनं जागा बदलायच्या. दहा मिनिटांत चौघी मोकळ्या. आत्याच्या दिंडीत याला "पडदा धरणं" म्हणतात आणि त्यात कुणाला काही वाटत नाही, बोलणं चालूच असतं. मोकळ्या बांधाला जा, उभ्या पिकात नको. माळशिरस भागात दोन्ही बाजूंना ऊस लागतो, उसात एकटीनं कधीच शिरू नका. काठीनं आधी गवत झोडा, पावसाळ्याचं जनावर असतं. हातबत्ती सोबत हवी. साडी नेसणाऱ्या बायकांना हे सगळं सोपं जातं. जीन्स आणि लेगिंग घालणाऱ्या मुलींचे हाल मी पाहिलेत, म्हणून वारीत सैल सलवार किंवा घेरदार परकर बरा.

लघवीला आग, सारखं जावंसं वाटणं, ओटीपोटात दुखणं असं झालं की त्याच दिवशी दवाखान्याच्या गाडीवर दाखवा. थंडी वाजून ताप आणि पाठीत बरगड्यांच्या खाली एका बाजूला दुखत असेल तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलेला असू शकतो, मग चालणं थांबवायचं आणि १०८ ला फोन करायचा. मेडिकलमधून मनानं प्रतिजैविकाच्या दोन गोळ्या घेऊन पुढे चालू नका. दोन गोळ्यांनी आग कमी होते, आजार जात नाही.

पाळी

आळंदी ते पंढरपूर चाल १८-१९ दिवसांची. पाळीचं चक्र २८ दिवसांचं धरा, पाळी पाच दिवसांची. हिशेब मांडला तर पाळी चालू असलेल्या वयातल्या चारपैकी तिघींना वाटेत पाळी येणारच. तरीही दरवर्षी मुली माझ्याकडे अशा चेहऱ्यानं येतात की जणू त्यांच्याकडून काही चूक झालीय.

यावरचा सगळ्यांना माहीत असलेला उपाय म्हणजे पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या. नॉरएथिस्टेरॉन हे त्यातलं औषध. कायद्यानं चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही, पण सत्यनारायण, लग्न, वारी असं कारण सांगितलं की काउंटरवरून मिळतं. कुणी विचारत नाही की तुला आधी कधी पायात रक्ताची गाठ झाली होती का, कावीळ झाली होती का, डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे चमकतं का. या तिन्हींपैकी एकाचं उत्तर "हो" असेल, घरात कुणाला रक्ताच्या गाठी झाल्या असतील, किंवा दिवस राहिल्याची शंका असेल तर ही गोळी तुमच्यासाठी नाही.

बाकीच्यांनीही डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. साधारण पद्धत अशी की पाळीच्या तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करायची, दिवसातून तीन वेळा, आणि बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. दोन-चार दिवस पाळी लांबवायला हे ठीक. पण बायका आळंदीला सुरू करतात आणि पंढरपूरला थांबवतात. मध्येच गोळी चुकते, मग थोडं थोडं अंगावरून जात राहतं, मग दोन गोळ्या एकदम.

तरडगावला एक बाई आली होती, चाळिशीची, बीडकडची. "पाय जड झालाय, मालिश करा." मी परकर वर घ्यायला सांगितला. डावी पोटरी तांबूस, टणक, हात लावला तर गरम. टेपनं दोन्ही पोटऱ्या मोजल्या. साडेतीन सेंटिमीटरचा फरक. उजवा पाय धुळीनं माखलेला, पण नेहमीसारखा. मी विचारलं, "काही गोळ्या चालू आहेत?" ती म्हणाली, "न्हाई." पुन्हा विचारलं, बाजूला नेऊन. मग तिनं कमरेची पिशवी उघडली आणि त्यातून चुरगळलेली पाकिटं काढली, चार संपलेली आणि एक अर्धं. पाळी येऊ नये म्हणून. पाणी कमी, चाल जास्त, गोळ्या चालू, आणि पायातल्या शिरेत रक्ताची गाठ. मालिश केली असती तर ती गाठ सुटून फुप्फुसात जाऊ शकली असती. तिला रुग्णवाहिकेत घालताना ती एकच विचारत होती, माझी वारी मोडली का? मी तिचा हात धरून बसले. माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं.

म्हणून हे लक्षात ठेवा. वारीत दोन्ही पाय सारखे सुजले तर ते बहुधा चालण्यानं, रात्री उशीवर पाय ठेवून झोपलं की उतरतात. एकच पाय सुजला, दुखतोय, गरम लागतोय, तर मालिश नाही, शेक नाही, चालणं नाही, लगेच डॉक्टर. त्यात धाप लागली किंवा छातीत दुखलं तर एक मिनिटही थांबू नका.

आता पाळी घेऊन चालायचं कसं, ते सांगते. मी दोनदा चाललेय.

ज्यांना पाळीचं रक्त साठवणाऱ्या, आत बसवायच्या कपची सवय आहे त्यांना वारीत तो सर्वांत सोयीचा. आठ ते बारा तास चालतो, फेकायचा प्रश्न नाही. पण वारीत पहिल्यांदा वापरून बघू नका, आधी दोन-तीन पाळ्या घरी सवय करा. घरून निघताना पाच मिनिटं उकळून आणा, वाटेत पिण्याच्या स्वच्छ पाण्यानं धुवा, आणि त्याआधी हात साबणानं धुतलेले हवेत. पॅड वापरणार असाल तर सहा तासांनी बदलाच, भरलेलं नसलं तरी. घाम, पाऊस आणि घर्षण यांनी मांड्या सोलतात, तिथं आधीच खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावा. वापरलेला पॅड कागदात गुंडाळून वेगळ्या पिशवीत ठेवा आणि मुक्कामाच्या केंद्रावर जाळायला द्या. विहिरीत, ओढ्यात, कुणाच्या वावरात टाकू नका. ज्या मावशीनं आपल्याला दार उघडलं तिच्याच शेतात तो सापडतो.

कापड वाईट नाही, पण ते धुवून कडक उन्हात वाळावं लागतं. पावसात राहुटीच्या दोरीवर, दुसऱ्या कपड्याखाली लपवून ते वाळत नाही. ओलसर कापड पुन्हा वापरलं की खाज आणि पांढरं जाणं सुरू होतं. घरी कापड वापरत असलात तरी या तीन आठवड्यांपुरते पॅड आणा.

पोटात दुखलं तर आधी पॅरासिटामॉल. मेफेनॅमिक ॲसिडची गोळी घ्यायची तर खाल्ल्यावर आणि पाणी भरपूर पिऊन. उपाशीपोटी, तहानलेल्या शरीरात रोज रोज दुखण्याच्या गोळ्या घेतल्या तर त्याचा मार मूत्रपिंडावर बसतो.

आणि विटाळ. हे टाळून पुढे जाता येत नाही.

लोणंदला, नीरास्नानाच्या दुसऱ्या दिवशी, नांदेडकडची २२ वर्षांची एक मुलगी आली. आळंदीपासून तुळशीवृंदावन तिच्या डोक्यावर होतं. सकाळी पाळी आली तशी तिनं तुळस काकूकडे दिली आणि दिंडीच्या मागे मागे चालायला लागली. तिला थांबवायची गोळी हवी होती. मी सांगितलं, सुरू झालेली पाळी अशी थांबवत नाहीत. ती रडायला लागली. शेजारी बीपी तपासायला बसलेली परभणीची एक म्हातारी बाई सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "आगं, आपण त्याला माऊली म्हंतो. माऊली म्हंजी आई. आईला काय लपवायचं?"

मुलीनं त्या दिवशी तुळस परत घेतली नाही. चौथ्या दिवशी न्हाऊन घेतली. तो तिचा निर्णय होता आणि मी त्यात पडले नाही. पण त्या दिवसापासून ती मागे राहिली नाही, काकूच्या बाजूनं चालली.

मला विचाराल तर मी म्हणेन, तुळस घ्या, टाळ घ्या, चाला. पाळीचं रक्त हे गर्भपिशवीचं अस्तर आहे, त्यात कुणाला बाधेल असं काही नाही. आणि देहाचा विटाळ देहातच जन्मला, मग सोवळा राहिला कोण, हा प्रश्न सोयराबाईंनी आपल्या अभंगात सातएकशे वर्षांपूर्वी विचारून ठेवलाय. चोखोबांच्या घरातल्या त्या. तुमच्या दिंडीत कुणी बोललं तर भांडायची ताकद सगळ्यांकडे नसते, हेही मला माहीत आहे. मग निदान एवढं करा, मागे एकटीनं चालू नका. पाळीच्या दिवसांत आधीच थकवा असतो, मागे राहिलेल्या बाईला पाणी विचारणारं कुणी नसतं.

पाय

रोज रात्री पाय धुवून, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून बघा. नखं निघायच्या आधी कापा. सुती मोजे तीन जोड, ओला मोजा लगेच बदला. फोड आला तर फोडू नका, वर पट्टी लावा. आपोआप फुटला तर साबणपाण्यानं धुवून कोरडी पट्टी. हळद, चुना, तंबाखू काही भरू नका. अनवाणी चालायचा नेम असेल आणि मधुमेह असेल तर तो नेम देवाला सांगून सोडा. मधुमेहात पायाची जाणीव कमी होते, काटा टोचलेला कळत नाही आणि वारी संपेपर्यंत जखम हाडाला लागलेली असते.

बरोबरच्या मोठ्या बायका

तरुण मुलींना मी एक काम नेहमी देते. तुमच्या राहुटीतल्या आजींशी बोला. डॉक्टरला जे सांगणार नाहीत ते त्या पाय चेपताना तुम्हाला सांगतात.

"अंग बाहेर येतं" असं कुणी म्हणाली तर गर्भपिशवी खाली उतरलेली आहे. कितीतरी बायका लंगोटासारखं फडकं बांधून वर्षानुवर्षं चालतात. त्यांच्या डोक्यावरचा पाण्याचा हंडा उतरवा, ओझ्यानं ते आणखी खाली येतं. घासून जखम झाली असेल, रक्त येत असेल तर दाखवायला घेऊन या. यावर व्यायाम आहेत, आत बसवायची रिंग आहे, शस्त्रक्रिया आहे. लाज वाटून सोसण्यासारखं यात काही नाही.

पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा अंगावरून लाल गेलं, थेंबभर का होईना, तर "उष्णतेनं झालं असेल" म्हणून सोडू नका. वारीनंतर पंधरवड्यात तपासणी झालीच पाहिजे, कर्करोगाची पहिली खूण तीच असू शकते.

आणि "पिशवी काढलीय" हे तुम्ही फार वेळा ऐकाल. तिशी-पस्तिशीच्या बायकांकडूनही. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचं प्रकरण गाजलं, तेव्हा शहरातल्या लोकांना धक्का बसला होता. वारीत चालणाऱ्यांना ते आधीपासून माहीत होतं. पांढरं जातंय, पोट दुखतंय, पाळीत खाडा पडून मजुरी बुडते, एवढ्यावर पिशवी गेलेली असते. अशा बाईची बीजकोशंही काढली असतील तर हाडं लवकर ठिसूळ होतात. वेळापूरच्या अलीकडे धावा होतो, सगळे उतारावरून पळत सुटतात, तेव्हा तिचा हात धरा. आणि कुणी "पिशवी काढून टाका" असं सांगितलंय म्हणाली तर तिला एवढंच सांगा, दुसऱ्या डॉक्टरला दाखव, सरकारी रुग्णालयात दाखव, मग ठरव.

गोळ्यांचंही बघा. नवऱ्याच्या बीपीच्या गोळ्या बायका मोजून बांधून देतात आणि स्वतःच्या घरी विसरतात. पूर्ण २५ दिवसांच्या गोळ्या, जुनी चिठ्ठी, हे निघतानाच पिशवीत हवं. एकादशीच्या उपासाला मधुमेहाच्या गोळ्या कशा घ्यायच्या हे घरूनच विचारून या. उपाशीपोटी नेहमीची गोळी घेऊन रांगेत घामाघूम होऊन पडलेल्या बाईला मी साखर चाटवून उठवलंय.

रात्र आणि गर्दी

राहुटीत बायकांच्या मधोमध झोपा, कडेला नको. फोन चार्ज नसेल तर नातेवाइकांचा नंबर आणि दिंडीचा क्रमांक हातावर पेनानं लिहून ठेवा. गर्दीत कुणी अंगाला हात लावला तर गप्प राहू नका, मोठ्यानं "माऊली, हात काढा" म्हणा, आजूबाजूच्या बायका लगेच वळतात. पोलिसांसाठी ११२, महिलांच्या मदतीसाठी १८१.

पंढरपूर आणि परत

चंद्रभागेत त्या दिवशी लाखो माणसं उतरलेली असतात. पायाला फुटलेले फोड असतील किंवा पाळी चालू असेल तर बुडी मारू नका, ओंजळभर पाणी डोक्याला लावा. ओले कपडे वाळवंटातच बदलावे लागतात, तिथं तीच फाडलेली गडद साडी पुन्हा उपयोगी येते. पदस्पर्शाच्या दर्शनाची रांग एकादशीला दिवस-दिवस पुढे सरकत नाही. पाय सुजलेले असतील, दिवस गेलेले असतील, साखर असेल तर मुखदर्शन घ्या किंवा कळसाला हात जोडा. आत्या गेली आठ वर्षं नामदेव पायरीला डोकं टेकवते आणि समोर चोखोबांच्या समाधीपाशी बसते. "इथून बी दिसतो तो," म्हणते.

घरी गेल्यावर आठवडाभर घरचं काम निम्मं करा आणि हे निघतानाच घरात सांगून ठेवा, नाहीतर उंबऱ्यात पाऊल ठेवताच धुण्याचा ढीग समोर येतो. महिन्यानं हिमोग्लोबिन पुन्हा तपासा.

परतीची एसटी भरगच्च असते आणि मधल्या स्टँडवर ती किती वेळ थांबेल याचा नेम नसतो. बायका पुन्हा पाणी पिणं सोडतात, कारण लातूरपर्यंत जायचं असतं. आम्ही दोघी आता असं करतो. आत्या आत चढून दोन जागा धरते, खिडकीतून तिची पिशवी माझ्याकडे देते, मी स्टँडवरच्या स्वच्छतागृहाला जाऊन येते. मग मी जागेवर बसते आणि ती जाते. तोवर मी दोन्ही बाटल्या भरून घेतलेल्या असतात.